सवलतीतले बडे ग्राफिक्स कार्ड : घ्यावे की थांबावे?

एनव्हिडिया कंपनीने २९ मार्च २०२२ रोजी 'आरटीएक्स ३०९० टीआय' हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्याची अमेरिकेतील किंमत १९९९ डॉलर होती. सामान्य ग्राहकासाठी बनविलेल्या कार्डांमध्ये त्या वेळी त्याहून वेगवान कार्ड या कंपनीकडे नव्हते. पुरते सहा महिने उलटण्याच्या आतच हेच कार्ड तेथील दुकानांत ११०० डॉलरच्या आसपास मिळू लागले. किंमत जवळजवळ निम्म्यावर आलेली पाहून अनेकांनी ते उचलले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीचे 'आरटीएक्स ४०७० टीआय' ७९९ डॉलरला आले. २५६० बाय १४४० बिंदूंच्या पडद्यावर ते जवळपास ३०९० टीआयच्याच तोडीने चालत होते. वीज मात्र ४५० वॅटऐवजी २८५ वॅट मागत होते. नऊशे डॉलर वाचविल्याच्या समाधानात असलेल्या ग्राहकाला चार महिन्यांत कळले, की आणखी तीनशे वाचले असते.

तथापि हा ग्राहक पुरता फसला, असेही म्हणता येत नाही. त्याच्या कार्डावर २४ गिगाबाइट मेमरी होती, नव्या कार्डावर केवळ १२. 'फोर-के' पडद्यावर खेळणाऱ्याला जुनेच कार्ड अधिक सरस ठरत होते. सवलतीतले महागडे कार्ड घ्यावे की नाही, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही ते यामुळेच. उत्तर कार्डावर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच ते कोणाच्या टेबलावर जाणार आहे यावरही अवलंबून आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जड होतो. जानेवारी २०२५ मध्ये 'आरटीएक्स ५०८०' आले, तेव्हा त्याची भारतातील घोषित किंमत १ लाख ७ हजार रुपये होती. एवढ्या पैशांत घरात नवी दुचाकी येते. महाविद्यालयात जाणारा मुलगा वडिलांपुढे हा विषय काढतो, तेव्हा 'खेळण्यासाठी एवढे पैसे?' हा प्रश्न येणारच, आणि मग '३० टक्के सूट आहे, आजच घेतले पाहिजे' हा युक्तिवादही येणारच. त्या युक्तिवादाची तपासणी कशी करावी, हे येथे पाहू.

किंमत का उतरते

दुकानदार सहसा दानशूर नसतो. किंमत उतरली, तर तिच्यामागे कारण असते आणि ते कारण ओळखता आले तर निम्मा निर्णय झाला असे समजावे.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे नवी पिढी येऊ घातलेली असणे. एनव्हिडियाची नवी मालिका साधारण दोन वर्षांनी येते : २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ च्या आरंभी. तिच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत जुना माल संपविण्याची घाई सुरू होते. या काळातील सूट ही बहुधा येणाऱ्या घसरणीचा पहिला हप्ता असते.

दुसरे कारण मालाचा महापूर. २०२२ चे उदाहरण याच प्रकारातले आहे. इथेरियम या आभासी चलनाची 'खाणकामे' ग्राफिक्स कार्डांवर चालत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची कार्यपद्धती बदलली आणि या कामासाठी कार्डांची गरजच उरली नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून बाजाराला याची चाहूल लागली होती. त्या वर्षी मे ते जुलै या तिमाहीत एनव्हिडियाच्या गेमिंग विभागाची उलाढाल आधीच्या तिमाहीपेक्षा ४४ टक्क्यांनी घसरली. गोदामे भरलेली, मागणी आटलेली आणि नवी मालिका तोंडावर, अशी ती अवस्था होती. अशा वेळची सूट खरी असते, पण तळ कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

तिसरे कारण लोकांनी माल नाकारणे. 'आरटीएक्स ४०८०' नोव्हेंबर २०२२ मध्ये ११९९ डॉलरला आले. कार्ड उत्तम, पण किंमत ग्राहकांना पटली नाही. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने किंचित सुधारलेले '४०८० सुपर' ९९९ डॉलरला आणले आणि प्रश्न मिटविला. मूळ किंमतच चुकीची होती, तेव्हा त्यावरील सवलत ही सवलत नसून दुरुस्ती असते. ती मिळाल्याबद्दल हुरळून जाण्याचे कारण नाही, नाकारण्याचेही नाही.

थांबणाऱ्याचेही नुकसान होते

'थोडे थांबा, किंमत उतरेल' हा सल्ला संगणकाच्या दुनियेत इतका रूढ आहे की तो कधी चुकतो हे लोक विसरतात. १ सप्टेंबर २०२० रोजी एनव्हिडियाने ३० मालिकेची घोषणा केली. ४९९ डॉलरचे '३०७०' हे कार्ड आदल्या पिढीच्या हजार-बाराशे डॉलरच्या '२०८० टीआय'च्या बरोबरीचे असेल, असे तेव्हा सांगण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून जुन्या कार्डांच्या मालकांची पळापळ सुरू झाली आणि वापरलेली २०८० टीआय पाचशे डॉलरच्या आसपास विक्रीला निघाली. घेणाऱ्यांना लोकांनी वेड्यात काढले.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. करोनाच्या साथीत घरी बसलेल्यांची मागणी, चिप्सचा तुटवडा आणि आभासी चलनाचा भडका या तिन्हींचा मेळ बसला. ३०७० ची भारतातील घोषित किंमत ५१ हजार रुपये होती. २०२१ मध्ये त्या किमतीला ते मिळणे दुरापास्त झाले आणि अनेक ठिकाणी दुपटीच्या घरातली रक्कम मोजावी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये उतरलेल्या किमतीला जुने कार्ड घेणारा शहाणा ठरला. त्याच्या शहाणपणाचे व्याजही त्याला मिळाले, ते पुढे मेमरीच्या संदर्भात पाहू.

नव्या कार्डाची घोषित किंमत आणि ते दुकानात प्रत्यक्ष मिळण्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलना करायची ती आज, आपल्या शहरात, बिलासह जे मिळते त्याच्याशी. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्सच्या किमती झपाट्याने वाढल्या, त्यामुळे 'पुढल्या वर्षी स्वस्त होईल' हे गृहीत धरणे पूर्वीइतके निर्धोक राहिलेले नाही.

सूट कशावर?

खोक्यावर छापलेली कमाल किरकोळ किंमत हा आपल्याकडचा एक स्वतंत्र विनोद आहे. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत ही छापील किंमत बाजारभावापेक्षा बरीच वर असू शकते आणि त्या किमतीला ते कार्ड क्वचितच कोणी घेतलेले असते. ऑनलाइन विक्रीच्या उत्सवात '५० टक्के सूट' अशी पाटी झळकते ती याच आकड्याच्या आधारावर. म्हणून छापील किंमत सरळ विसरावी. तेच मॉडेल गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणत्या भावाने विकले जात होते ते पाहावे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमधील दोन-तीन दुकानांत दूरध्वनी करून भाव विचारावा. सांगितलेल्या भावात १८ टक्के जीएसटी धरला आहे काय, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. 'बिलाशिवाय हवे असेल तर कमी करतो' असे उत्तर आले तर संभाषण तेथेच थांबवावे. बिल नाही म्हणजे हमीचा दावा करताना हाती काहीच नाही, आणि लाखाच्या वस्तूची हमी गमावून वाचविलेले पैसे ही बचत नव्हे.

आधी पडदा पाहा

ग्राफिक्स कार्डाचे काम मुळात साधे आहे : पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग दर सेकंदाला अनेक वेळा ठरविणे. नेहमीच्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० बाय १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार, तर फोर-के पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. बड्या कार्डाची ताकद लागते ती या चौपट कामासाठी.

पडदा फुल एचडी आणि तोही सेकंदाला ६० चित्रे दाखविणारा असेल, तर कार्डाने १४० चित्रे तयार केली तरी डोळ्यांपर्यंत ६०च पोहोचतात. उरलेली मेहनत खोलीत उष्णता निर्माण करण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. अशा वाचकाने सवलतीतल्या बड्या कार्डाऐवजी मध्यम कार्ड आणि चांगला पडदा घ्यावा. आनंद अधिक मिळेल आणि पैसेही उरतील. तीच गोष्ट प्रोसेसरची. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मध्यम प्रोसेसरला आजचे बडे कार्ड जोडले, तर बऱ्याच खेळांत कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत राहते. खेळ चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो, ते मोजणारी साधने फुकट मिळतात. सध्याचे जुने कार्डच जर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि चित्रसंख्येवर आपण स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर दोष कार्डाचा नाही.

मेमरी : सवलतीचा खरा कस

जुन्या बड्या कार्डाची बाजू घेणारा सर्वांत भक्कम मुद्दा मेमरीचा आहे, आणि नेमका तोच जाहिरातीत लहान अक्षरांत असतो.

खेळातील पृष्ठभागांची चित्रे, प्रकाशाची गणिते, पात्रांचे आराखडे हे सारे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवावे लागते. ती पुरली नाही तर माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि तो मार्ग कितीतरी संथ आहे. परिणाम असा, की सरासरी वेग कागदावर बरा दिसतो, पण खेळ मध्येच अडखळतो किंवा भिंतींवरची चित्रे धूसर होतात. कमी ताकदीच्या कार्डावर सेटिंग कमी करून भागते. अपुऱ्या मेमरीपुढे उत्तम कार्डही हतबल होते.

२०२३ च्या आरंभी संगणकावर आलेल्या 'हॉगवर्ट्स लेगसी' आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' या खेळांनी हे उघड केले. उच्च सेटिंगवर ८ गिगाबाइट अपुरे पडू लागले. '३०७०' वर ८ गिगाबाइट होते आणि ज्याची २०२० मध्ये चेष्टा झाली त्या '२०८० टीआय'वर ११. मूळ वेग सारखा असूनही अशा खेळांत जुने कार्ड अधिक सुरळीत चालू लागले. पाचशे डॉलरला ते घेणाऱ्याचे व्याज म्हणतात ते हे.

म्हणून माझे मत असे, की आज फुल एचडीच्या पुढे खेळू इच्छिणाऱ्याने १२ गिगाबाइटच्या खाली उतरू नये आणि 'बडे' म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डाकडून १६ ची अपेक्षा ठेवावी. '३०८०' हे २०२० मधील अतिशय वेगवान कार्ड १० गिगाबाइटवर अडले. ते स्वस्तात मिळत असेल तरी या कारणाने दोनदा विचार करावा. उलट ३०९० वर्गातील कार्डांच्या २४ गिगाबाइटसाठी केवळ खेळणाऱ्याने अधिक पैसे मोजू नयेत. त्याचा उपयोग चलच्चित्र संपादन, त्रिमितीय काम किंवा घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चालविणे यांसाठी आहे, आणि तीच मंडळी ही जुनी कार्डे उचलत असल्याने त्यांचे भाव अपेक्षेइतके उतरतही नाहीत.

ताकद आहे, पण विद्या?

मेमरी जुन्या कार्डाच्या बाजूने बोलते, तर नवी तंत्रे विरुद्ध. कमी बिंदूंचे चित्र तयार करून ते मोठे व सुबक करण्याचे 'डीएलएसएस' तंत्र आता सर्रास वापरात आहे. २०२२ मध्ये त्यात दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र घालण्याची सोय आली, ती केवळ ४० मालिकेसाठी. २०२५ मध्ये एकाऐवजी तीनपर्यंत चित्रे घालण्याची सोय आली, ती केवळ ५० मालिकेसाठी. चित्र मोठे करण्याची सुधारित पद्धत मात्र २० मालिकेपर्यंतच्या सर्वांना मिळाली. मधली चित्रे घालण्याच्या सोयीवर फार भाळू नये. तिने हालचाल मऊ दिसते, पण बटण दाबल्यापासून प्रतिसाद मिळेपर्यंतचा वेळ घटत नाही.

एएमडीच्या बाबतीत फरक अधिक ठळक आहे. 'आरएक्स ७९०० एक्सटीएक्स' हे डिसेंबर २०२२ मध्ये ९९९ डॉलरला आलेले, २४ गिगाबाइटचे कार्ड. मार्च २०२५ मध्ये ५९९ डॉलर घोषित किमतीचे, १६ गिगाबाइटचे 'आरएक्स ९०७० एक्सटी' आले. साध्या चित्रणात जुने कार्ड अजूनही काहीसे पुढे असते. प्रकाशकिरणांच्या गणितात, म्हणजे 'रे ट्रेसिंग'मध्ये, नवे पुढे जाते. शिवाय कंपनीचे 'एफएसआर ४' हे चित्र सुधारण्याचे तंत्र आले तेव्हा ते ९००० मालिकेपुरतेच होते. सवलतीतले ७९०० एक्सटीएक्स आणि नवे ९०७० एक्सटी एकाच भावाला मिळत असतील, तर खेळणाऱ्याने नवे घ्यावे असे मला वाटते.

फार जुन्या बड्या कार्डांना तर दारच बंद होऊ लागले आहे. २०१७ चे '१०८० टीआय' हे दीर्घायुषी कार्ड म्हणून गाजले. परंतु डिसेंबर २०२४ मधील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' या खेळांना रे ट्रेसिंग करू शकणारे कार्ड सक्तीचे आहे. शिवाय २०२५ मध्ये एनव्हिडियाने १० मालिकेसाठी नवे खेळ जमेस धरणारे ड्रायव्हर थांबवीत असल्याचे जाहीर केले.

कार्डामागून येणारा खर्च

हत्ती स्वस्तात मिळाला तरी माहूत आणि चारा लागतोच. ३०९० टीआयसाठी कंपनीची शिफारस ८५० वॅटच्या वीजपुरवठा संचाची आहे. घरात ५५० वॅटचा संच असेल तर तो बदलावा लागेल, आणि येथे स्वस्त, अनोळखी संच घेणे म्हणजे लाखाची वस्तू दोरीला टांगणे होय. मोठी कार्डे ३० सेंटिमीटरहून लांब असतात. कॅबिनेटमध्ये जागा आहे का, हे पट्टीने मोजावे. ४०९० च्या नव्या बारा-तारी जोडणीची टोके वितळल्याच्या तक्रारी ऑक्टोबर २०२२ पासून आल्या. त्या वर्गातील वापरलेले कार्ड घेताना जोडणीची जागा भिंगाखाली पाहावी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. घरोघरी संगणकाला जोडलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलतो. ४५० वॅटचे एकटे कार्डच त्याला भारी आहे. खेळ रंगात असताना वीज गेली, की यूपीएस संगणकाला सावरण्याऐवजी स्वतःच बंद पडतो. विजेच्या बिलाचा हिशेब त्यामानाने किरकोळ : ४५० आणि २८५ वॅटमधील फरक १६५ वॅट, रोज तीन तास खेळले तर वर्षाला सुमारे १८० युनिट, युनिटला १० रुपये धरल्यास १८०० रुपये. उष्णता मात्र किरकोळ नाही. नागपूर-जळगावच्या मे महिन्यात बंद खोलीत अर्धा किलोवॅटची शेगडी पेटवून बसण्याची ज्याची तयारी असेल, त्यानेच हे कार्ड घ्यावे.

वापरलेले कार्ड

खाणकामात राबलेल्या कार्डांबद्दल गैरसमज बरेच आहेत. चिप सहसा मरत नाही. ती स्थिर तापमानाला, कमी दाबावर चालविलेली असते. झिजतात ते पंखे, आणि वाळतात ती मेमरीवरील उष्णतावाहक पट्ट्या. ३०९० मध्ये निम्म्या मेमरी चिप्स कार्डाच्या पाठीवर आहेत आणि तेथे हवा पोहोचत नाही. ३०९० टीआयमध्ये त्या सगळ्या पुढे आणल्या गेल्या. वापरलेल्या ३०९० पेक्षा वापरलेले ३०९० टीआय अधिक निर्धास्तपणे घ्यावे ते यामुळे.

कार्ड विक्रेत्याच्या घरी, चालत्या संगणकावर, किमान अर्धा तास जड खेळ चालवून पाहावे. मेमरीचे तापमान ११० अंशांना टेकत असेल तर भावात तेवढी घट मागावी किंवा परत फिरावे. अनुक्रमांकाचा कागद उखडलेला असेल तर पाहणीही नको. हमी बहुधा अनुक्रमांकावर आणि भारतातील अधिकृत आयातदाराच्या बिलावर चालते. ती किती उरली आहे हे कंपनीकडे विचारून घ्यावे. अमेरिकेतील भाऊ किंवा आतेबहीण येताना आणणार असेल तर तेथील विक्रीकर आणि येथील सीमाशुल्क जमेस धरावे, आणि त्या उत्पादकाची हमी भारतात चालते का, हे ती विमानात बसण्यापूर्वी विचारावे. एरवी बिघडलेले कार्ड परत न्यायला तिच्या पुढच्या सुट्टीची वाट पाहावी लागते.

आता आकडे मांडून पाहा. समजा, ८० हजारांचे मागील पिढीतील कार्ड ६२ हजारांना मिळते आहे आणि त्याच वेगाचे नव्या पिढीतील कार्ड ६८ हजारांना आहे. फरक सहा हजारांचा. जुन्यासाठी मोठा वीजपुरवठा संच घ्यावा लागणार असेल तर हा फरक तेथेच संपतो, आणि तीन वर्षांनी विकायला काढल्यावर नव्याला अधिक भाव मिळतो. जुन्यावर १६ गिगाबाइट आणि नव्यावर १२ असेल तर गणित पुन्हा जुन्याकडे झुकते. नव्याच्या तुलनेत किमान २०-२५ टक्के कमी पडत असेल, मेमरी नव्याइतकी किंवा अधिक असेल आणि हमी पूर्ण असेल, तर मागील पिढीतले बडे कार्ड बेलाशक घ्यावे. त्याहून कमी फरकासाठी पिढी मागे जाण्यात मला अर्थ दिसत नाही. सवलत उद्या संपणार असल्याचे दुकानदार सांगत असेल, तर ज्या दिवशी हे लक्षात आले त्या दिवशीचे इतर दुकानांतील भाव लिहून ठेवावेत आणि आठवड्याने तीच चौकशी पुन्हा करावी.